एका बेटाला किती पाहुणे झेपतात

तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं आणि मी ‘पर्यटन नियोजन’ असं उत्तर दिलं की समोरच्याचे डोळे एकदम चमकतात. "मग महाबळेश्वरला आपली ओळख असेलच." मे महिन्यात खोली मिळवून देऊ शकणारी बाई, एवढीच माझी आमच्या सोसायटीत किंमत होती. निवृत्त झाल्यावर तीही राहिली नाही.

खरं तर माझं काम अगदी उलटं होतं. लोकांना बोलावणं हा जाहिरातवाल्यांचा धंदा. किती लोक आले की फाटक लावायचं, हे सांगणं माझं काम. तुमच्या घरी लग्नाला किती पाहुणे मावतात, असं मी विचारलं तर तुम्ही खोल्या मोजाल, गाद्या मोजाल. मी आधी संडास मोजते. मग गच्चीवरची टाकी बघते. मग विचारते, सकाळी सगळ्यांना एकदमच आंघोळ करायची आहे का? त्यातून जे उत्तर येतं ती पाहुण्यांची खरी संख्या, आणि ती गाद्यांच्या संख्येशी कधीच जुळत नाही. किल्ला असो, लेणी असो, नाहीतर अख्खा देश असो, हिशेब हाच. फक्त अहवालात ‘संडास’ लिहिलेलं चालत नाही, म्हणून तिथं आम्ही ‘वहनक्षमता’ असं लिहितो.

नोकरीतली वर्षं बैठकांत गेली. सांगण्यासारखं जे घडलं ते निवृत्तीनंतर.

हिंदी महासागरात एक चिमुकला देश आहे. नाव सांगत नाही. तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. नकाशात तो शोधताना आधी कागदावर माशी बसलेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. देशाचं पोट पाहुण्यांवर. कोरोनात विमानं बंद झाली तेव्हा हॉटेलातले आचारी, वेटर सगळे पुन्हा होड्या घेऊन मासे धरायला लागले. विमानं सुरू होतात न होतात तोच मोठं वादळ आलं आणि त्यात होड्याही गेल्या. आता पुन्हा पाहुणे आणायचे, पण या वेळी नीट विचार करून आणायचे, असं ठरवून एका मदतसंस्थेनं आम्हां तिघांचा गट तिकडं पाठवायचं ठरवलं.

माझी निवड कशी झाली ते सांगते. मुलाखतीत विचारलं, "टंचाईच्या भागात काम करण्याचा अनुभव आहे का?"

मी म्हटलं, "मी संभाजीनगरला राहते."

त्यांना याचा अर्थ लागला नाही. मग मी त्यांना समजावून सांगितलं की नळाला पाणी यायचा दिवस असला की आमच्याकडं लोक साखरपुड्यातून उठून घरी जातात आणि त्याचा राग कुणी धरत नाही. निवड तिथंच झाली असावी.

देशाचं मुख्य बेट बऱ्यापैकी मोठं आहे. तिथं विमानतळ, बंदर, बाजार, मंत्रालय. होडीनं पुढं गेलं की एक छोटं बेट लागतं. तिथले लोक त्याला आपल्या भाषेत ‘धाकटी’ म्हणतात. धाकटीवर एक गाव, एक चर्च, नारळाची झाडं, आणि असा पांढरा किनारा की बघताना डोळे बारीक करावे लागतात. माझ्याकडं या धाकटीचं काम होतं. मुक्काम रोझलिनच्या पाहुणेघरात.

रोझलिन म्हणजे गावच्या पंचायतीची प्रमुख. माझ्याच वयाची, विधवा, दंडानं मजबूत. हसायची कमी, पण हसली की पलीकडच्या घरातली कोंबडी दचकायची. वादळात तिच्या घराचं छप्पर उडून थेट चर्चच्या अंगणात पडलं होतं. "देवाला दिलं," एवढंच ती त्याबद्दल म्हणायची.

पहिल्या सकाळी तिनं आमच्या प्रत्येकाच्या दारात एक बादली ठेवली आणि सांगितलं, "हे तुमचं आजचं पाणी."

आमचे गटप्रमुख थंड देशातले, नद्यांच्या काठी वाढलेले. त्यांनी अर्ध्या तासात दुसरी बादली मागितली. मी मात्र निम्म्यात आंघोळ केली, उरलेल्यात कपडे धुतले आणि त्याच पाण्यानं व्हरांडा पुसून घेतला. रोझलिन दारात उभी राहून बघत होती. व्हरांडा वाळेपर्यंत तिथंच थांबली. मग म्हणाली, "वंदना, तू कुठल्या बेटावरची?"

"माझ्या गावापासून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर आहे," मी म्हटलं.

"मग हे कुठं शिकलीस?"

मी नळाची गोष्ट सांगितली. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. कोंबडी दचकली.

धाकटीवरच्या पाण्याची गंमत थोडी समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बेट म्हणजे वाळू आणि प्रवाळ. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. दुधावर साय धरते ना, तसं. विहिरीतून अलगद शेंदलं तर गोड. पंप लावून ओढलं तर साय फाटते आणि खालचं खारं वर येतं. एकदा वर आलं की पुन्हा साय धरायला किती पावसाळे लागतील ते कुणी सांगू शकत नाही. वादळात समुद्र गावात शिरला तेव्हा बऱ्याचशा विहिरी अशा नासल्या होत्या. चर्चजवळची एक तेवढी वाचली होती. अख्खं गाव तिच्यावर.

आणि त्याच धाकटीवर एक मोठं प्रवासी जहाज आणायचं घाटत होतं. जहाज म्हणजे तरंगतं शहर. कंपनी म्हणत होती, आम्ही धक्का बांधून देतो, त्यासाठी थोडं प्रवाळ फोडावं लागेल, जहाज आठवड्यातून एकदा येईल, लोक दिवसभर किनाऱ्यावर राहतील, संध्याकाळी परत. दिवसभर किनाऱ्यावर राहणारा माणूस समुद्रातून बाहेर आला की पहिल्यांदा गोड्या पाण्यानं अंग धुतो. माझ्या डोक्यात लगेच चर्चची विहीर आली.

जहाजाच्या बाजूनं सगळ्यांत जोरात कोण होतं, तर पर्यटनमंत्री ऑगस्टिन. माणूस वाईट असता तर काम सोपं झालं असतं. तो मोठा लाघवी होता. राजकारणात येण्याआधी रेडिओवर बातम्या द्यायचा. आवाज असा की वादळाची सूचनासुद्धा आमंत्रणासारखी वाटावी. आजवरच्या आयुष्यात कुणालाही ‘नाही’ म्हटल्याची त्याची नोंद नव्हती. पूल मागितला, हो. शाळा मागितली, हो. दोन गावांनी एकच डॉक्टर मागितला, दोघांनाही हो.

आमचा सल्ला त्याला ऐकवला. जहाज मुख्य बेटाच्या बंदरात लावा, धाकटीवर थोडेथोडे लोक स्थानिक होड्यांनी पाठवा, शक्यतो मुक्कामाला पाठवा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, विहीर बघायला कुणी विमानात बसत नाही."

"विहीर नसली तर मात्र बसतात," मी म्हटलं. "परतीच्या."

तो मनापासून हसला आणि जहाजाच्या बाजूनंच राहिला.

गावात तरी सगळे आमच्या बाजूनं होते असं समजू नका. चर्चच्या अंगणात सभा झाली तेव्हा रोझलिनचीच लेक, लिना, उठून उभी राहिली. हॉटेलात काम केलेली, चार भाषा फाडफाड बोलणारी मुलगी आता आईच्या घरी मासे साफ करत बसली होती. ती मला म्हणाली, "तुम्ही पाणी मोजून परत जाल. आम्ही पाणी राखत इथंच बसायचं का? तुमचा मुलगा तुमच्या गावात राहतो का?"

माझा मुलगा पुण्यात असतो. मी तसं सांगितलं. लिना खाली बसली. रोझलिन वाळूकडं बघत होती. त्या सभेत जहाजाला हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे सारखेच निघाले आणि निर्णय मंत्र्यावर सोडला गेला. म्हणजे हो होणार हे ठरल्यात जमा.

इथं मदतसंस्थेनं एक शहाणपणाची गोष्ट केली. करारावर सही होण्याआधी मंत्र्यानं आणि पंचायतीच्या एका माणसानं दुसऱ्या देशातलं काही बघून यावं, असा आग्रह धरला. कुठं, असा प्रश्न आला तेव्हा मी अजिंठ्याचं नाव पुढं केलं. तिथं गाड्या खालीच ठेवाव्या लागतात, पुढं बसनं जायचं, आणि रंगकाम असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, कारण माणसाच्या श्वासातल्या ओलाव्यानंसुद्धा चित्रं बिघडतात. जागेचं भलं करायचं तर पाहुण्याला थोडं थांबवावं लागतं, हे त्याला डोळ्यांनी दिसेल असा माझा हिशेब.

पौषातल्या थंडीत मंत्रीसाहेब आणि रोझलिन आमच्या शहरात उतरले. दोघांनाही थंडी सोसत नव्हती. रोझलिननं विमानतळावरच माझी शाल काढून घेतली, ती शेवटच्या दिवशी परत दिली.

अजिंठ्याचा परिणाम माझ्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला. मंत्र्याला चित्रं आवडली, बसची व्यवस्था आवडली, पण सगळ्यांत जास्त आवडली ती गर्दी. "एवढे लोक," तो भारावून म्हणत राहिला. "आणि तुम्ही मला एका जहाजाला नाही म्हणायला सांगता."

दुसऱ्या दिवशी दौलताबादच्या किल्ल्यावर तर कहरच झाला. शाळांच्या सहली आल्या होत्या. उंच, सावळा, पांढऱ्या सुटातला माणूस बघून पोरांनी त्याला क्रिकेटपटू ठरवून टाकलं. "सर, आप कौनसी टीम में हो?" कुणीतरी विचारलं. मी भाषांतर केलं. मंत्र्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सांगा, मी पहिला खेळायला उतरतो." मग काय, मेंढा तोफेपाशी पोहोचेपर्यंत त्यानं वह्यांवर, टोप्यांवर, एका पोराच्या हाताच्या प्लास्टरवरसुद्धा सह्या केल्या. अंधारीच्या काळोख्या भुयारातल्या वटवाघळांनाही त्यानं हात केला असता. खाली उतरल्यावर पेरूच्या गाड्यापाशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, गर्दीत आनंद असतो. हे तुमच्या अहवालात कुठं आलं नाही."

रोझलिन पेरूला मीठ लावत होती. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हार बघितली. चर्चच्या अंगणात छप्पर पडलेलं सांगतानाही ती नव्हती.

आता माझी नणंद, शकूताई. माझा नवरा सुधाकर बिडकीनचा, आणि त्याची ही मोठी बहीण दौलताबादला दिलेली. किल्ल्याच्या पलीकडं त्यांची शेती आहे. कोरोनानंतर शकूताईंनी थंडीत हुरडा पार्ट्या सुरू केल्या. शेतात बसायचं, आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं चोळून हुरडा काढून द्यायचा, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, उसाचा रस. पहिल्या वर्षी छान चाललं. मग कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत टाकली आणि दर रविवारी शेतात जत्रा भरायला लागली. मी शकूताईंना दोन-तीनदा समजावलं होतं. त्यांचं एकच उत्तर, "वहिनी, दारात आलेल्या माणसाला नाय कसं म्हणायचं?"

पाहुण्यांना मी शकूताईंकडं बुधवारी नेणार होते. निवांत, ऊनही कोवळं असतं. पण पेरूच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या मी फोन लावला.

"शकूताई, बुधवारचं रद्द. आम्ही रविवारी येतो."

"ऐतवारी?" शकूताई म्हणाल्या. "कामून? ऐतवारी पाय ठेवायला जागा नसती इथं."

"म्हणूनच."

मंत्री समोरच उभा होता, पण बोलणं मराठीत चाललं होतं. रोझलिनला मराठी येत नव्हती. तरी तिनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं.

रविवारी निघताना सुधाकरनं विचारलं, "वंदना, तुझ्या मनात काय हाय?" मी म्हटलं, काही नाही, पाहुणचार. त्याचा विश्वास बसला नाही, पण तो मजा बघायला मिळणार म्हणून गाडीत बसला.

शेताजवळ पोहोचलो तर गाड्या तुरीच्या पिकात घुसवून लावलेल्या. आमचे चालक युसूफभाई हात जोडून म्हणाले, "मॅडम, आजच इधर आने की क्या पडी थी?" आत चितेगावच्या एका कारखान्यातली मंडळी कुटुंबांसह आली होती, कुणाचा तरी वाढदिवस होता, कुणी स्पीकर आणला होता. आगटीभोवती माणसांच्या तीन रांगा. शकूताई पदर खोचून धावत होत्या. मंत्र्याला बघताच त्यांनी एका आजोबांना बाजेवरून उठवलं आणि त्यांच्या जागी मंत्र्याला बसवलं.

यानंतर मी जो पाहुणचार केला त्याला तोड नाही. "आधी रस घ्या," मी म्हटलं. त्यानं उसाचा रस घेतला. हुरड्यानं तहान लागते, म्हणून ताक दिलं. ताक आंबट होतं, म्हणून पुन्हा रस दिला. तो नको म्हणेना. नको म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतंच. सुधाकर तोंड फिरवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

व्हायचं ते झालं. मंत्रीसाहेब थोड्या वेळानं माझ्या कानाशी वाकून आपल्या त्या मखमली आवाजात म्हणाले, "मॅडम, इथं स्वच्छतागृह कुठं आहे?"

गोठ्यामागं दोन होती. एक टाकीचं पाणी संपल्यामुळं बंद. दुसऱ्यासमोर रांग. रांगेचं शेपूट गोठा ओलांडून शेवग्याच्या झाडापर्यंत गेलेलं.

मी त्याला शेवग्याखाली उभं केलं आणि बाजूला झाले. मंत्री म्हणून पुढं नेता आलं असतं. शकूताई तसं सुचवायला धावत आल्याही. मी त्यांना म्हटलं, "राहू द्या. त्यांच्या देशात सगळे समान असतात."

त्याच्या पुढं बिडकीनकडच्या एक आजी होत्या. त्यांनी मागं वळून त्याला पायांपासून टोपीपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाल्या, "लई घाई हाय का बाबा?"

त्याला शब्द कळले नाहीत, पण त्यानं मान हलवली. आजींनी त्याला आपल्या पुढं घेतलं. पुढच्या बाईनंही घेतलं. असं करत करत तो दारापर्यंत पोहोचला आणि तेव्हा आतून आवाज आला, "पाणी संपलंऽ."

मी त्या वेळी त्याचा चेहरा बघितला. तो मी विसरणार नाही.

पुढं जे झालं ते मात्र माझ्या योजनेत नव्हतं. बाजूला पिण्याच्या पाण्याचं एक पिंप होतं. लोक त्याकडं बाटल्या आणि प्लास्टिकचे मग घेऊन धावले. कुणी हात धुवायला लागलं. मला एकदम भीती वाटली, कारण पिंपात होतं तेवढंच, आणि शकूताईंच्या विहिरीवरची मोटर मघापासून नुसती हवा ओढत होती. गोठ्यातल्या जनावरांचं पाणी अजून व्हायचं होतं. गंमत करायला गेले आणि आता शकूताईंच्या म्हशी तहानलेल्या राहणार, अशी वेळ आली.

तेवढ्यात रोझलिन माझी शाल कमरेला बांधून पिंपापाशी गेली. तिनं लोकांच्या हातातले मग काढून घेतले, एकच ठेवला आणि पिंपाच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. आपल्या भाषेत काहीतरी दरडावून बोलली. कुणाला एक अक्षर समजलं नाही आणि सगळ्यांना सगळं समजलं. रांग लागली. एकेकाला एक मग. कारखान्यातला एक साहेब दुसऱ्यांदा आला तर तिनं त्याला ओळखून परत पाठवलं. मग मंत्र्याला हाक मारली, त्याच्या हातात एक मग दिला, आणि स्वच्छतागृहाकडं बोट केलं. तो निमूटपणे गेला.

शकूताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, ही बाई कोण हाय? हिला इथंच ठेवून घ्या."

मंत्री परत आला तो वेगळाच माणूस होऊन. बाजेवर बसला, टोपी मांडीवर ठेवली, आणि मला म्हणाला, "यांना विचारा, आज किती लोक आलेत?"

मी विचारलं. शकूताई म्हणाल्या, "ते कोण मोजतं? आले तितके आले."

"पाणी संपणार हे आधी माहीत असतं, तर शेवटची गाडी परत पाठवली असती का?" मंत्र्यानं विचारलं.

शकूताईंनी खरंच विचार केला. "त्या गाडीत कोण बसलंय त्याच्यावर हाय," त्या म्हणाल्या.

हे मी भाषांतर करून सांगितलं तसा मंत्री मांडीवर थाप मारून हसला. "या राजकारणात का आल्या नाहीत?" तो म्हणाला. मग गंभीर झाला. "मॅडम, माझं अगदी असंच होतं."

आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी एक मिनीबस येऊन थांबली. खच्चून भरलेली. शकूताईंचा चेहरा पडला. पदर सावरून त्या फाटकाकडं निघाल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या. परत आल्या.

"मला नाय व्हायचं," त्या म्हणाल्या. मग मंत्र्याकडं वळल्या. "तुम्ही मंत्री हाय ना? तुम्ही सांगा त्यांला."

मी भाषांतर केलं. मंत्री माझ्याकडं बघत राहिला. मग पिंपापाशी उभ्या असलेल्या रोझलिनकडं त्यानं बघितलं. तिनं हातातला मग उपडा करून दाखवला.

तो उठला. सूट झटकला, टोपी घातली आणि फाटकापाशी गेला. मिनीबसच्या दारात उभं राहून त्यानं आपल्या भाषेत, रेडिओवरच्या त्या आवाजात, एक छोटंसं भाषण केलं. काय म्हणाला ते रोझलिननं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, तुम्ही फार लांबून आलात, तुमचं मन मोडताना मला वाईट वाटतं, पण आज इथं जागा नाही, पाणी नाही, आणि एका म्हशीचा प्रश्न आहे. बसमधल्या लोकांना यातलं काही कळलं नाही. पण एवढ्या आदरानं त्यांना आजवर कुणी हाकललं नसावं. ते खाली उतरले, त्याच्याबरोबर फोटो काढले, आणि शकूताईंना विचारलं, मग कधी येऊ?

"बुधवारी या," शकूताई म्हणाल्या, आणि आपण हे काय बोललो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

मिनीबस वळली. मंत्री ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभा होता. रोझलिन माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा." तिचे डोळे भरले होते. मग माझ्या दंडाला तिनं असा चिमटा घेतला की दोन दिवस निळा डाग होता. "आणि तो रस," ती म्हणाली, "तू मुद्दाम पाजलास."

म्हशींसाठी सुधाकरनं शेजारच्या मळ्यातून पाणी आणलं. शकूताई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी कुणाला शिकवायचं असलं तर आपल्या घरी शिकवा." त्यांचं बरोबर होतं. पण तेव्हापासून त्यांच्या फाटकावर पाटी आहे, आणि फोन करून आल्याशिवाय आत घेत नाहीत. चुलत सासऱ्यांना एकदा परत पाठवलं, त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

काही महिन्यांनी देशाचा निर्णय झाला. जहाज मुख्य बेटाच्या बंदरात लागणार. धाकटीवर ठरलेल्या दिवशी स्थानिक होड्यांनी मोजकेच लोक, आणि मुक्कामी पाहुण्यांना पहिला मान. प्रवाळ फोडायचं नाही. कंपनी कुरकुरली आणि कबूल झाली. मंत्र्यानं भाषणात सांगितलं की ही कल्पना भारतातल्या एका प्राचीन किल्ल्यावर चिंतन करताना त्याला सुचली. चिंतनाची खरी जागा माहीत असलेली मी एकटी नाही. आमच्या घरात तो विषय निघाला की सुधाकरला ठसका लागतो.

सगळं गोड झालं असं मात्र सांगता येणार नाही. मुख्य बेटाच्या बंदराजवळचा किनारा आता जहाजाच्या दिवशी बघवत नाही. एकाची गर्दी कमी केली ती दुसऱ्याकडं गेली, आणि त्याचं उत्तर माझ्या अहवालात नव्हतं. आणि लिना. धाकटीवर जहाज आलं नाही, तेव्हा लिनाच जहाजावर गेली. स्वागतकक्षात उभी असते, चार भाषांत हसते. रोझलिन फोनवर म्हणाली, "विहीर राहिली, वंदना. लेक गेली." माझा मुलगा अजून पुण्यातच आहे.

पण धाकटी सावरली. नासलेल्या विहिरींपैकी काही पुन्हा गोड व्हायला लागल्या आहेत. रोझलिनच्या पाहुणेघरावर नवं छप्पर आलं.

गेल्या हिवाळ्यात मी आणि सुधाकरनं ठरवलं, आता साधे प्रवासी म्हणून तिकडं जाऊन यावं. सुधाकरनं आयुष्यात पहिल्यांदा पोहायची चड्डी विकत घेतली आणि घरात दोनदा घालून बघितली. मी रोझलिनला फोन लावला, तारखा सांगितल्या.

पलीकडं थोडी खुडबुड झाली. मग रोझलिन म्हणाली, "त्या आठवड्यात जागा नाही. पुढच्या महिन्यात ये."

"अगं, आम्ही दोघंच आहोत. व्हरांड्यातसुद्धा झोपू."

"व्हरांड्यात झोपशील, पण पाणी?"

"रोझलिन, तुमचा सगळा आराखडा मी केलाय."

"हो," ती म्हणाली. "मग तुला जास्त समजवायला नको." आणि मनापासून हसली.

मी फोन ठेवला. सुधाकर दारात उभा होता.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"तुला?" त्याचा विश्वास बसेना. "मग इतकी वर्षं तू केलंस तरी काय?"

"हेच," मी म्हटलं, आणि पुढच्या महिन्याची तिकिटं बघायला बसले.